बेरिल आजींची डंगरी

कॅरल फ्रॉक घेऊन आली तेव्हा मृदुलाला ते दोन संध्याकाळींचं काम वाटलं होतं. त्या कपड्यापायी पुढचे नऊ दिवस आपला जीव टांगणीला लागणार आहे हे माहीत असतं, तर 'सध्या हातात फार काम आहे' म्हणून तिनं कॅरलला दारातूनच वाटेला लावलं असतं.

फ्रॉक एकोणीसशे अठ्ठेचाळीस सालचा होता. गडद निळ्या, जडशा कापडाचा. कंबर आवळून एवढीशी केलेली, आणि खाली घेर असा की गराजमधल्या कापायच्या टेबलावर पसरला तर दोन्ही अंगांनी जमिनीपर्यंत लोंबला. तो फुगून राहावा म्हणून आतून ताठ जाळीचे थर शिवलेले.

"आईचा आहे," कॅरल म्हणाली. ही कॅरल स्वतःच पंचाहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका, ऑकलंडच्या पापाकुऱ्यातच चार गल्ल्या सोडून राहणारी. "ह्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी ती शंभर वर्षांची होतेय. तिच्या वृद्धांच्या होममध्ये पार्टी ठेवलीय. बाबा युद्धावरून परत आले, लग्न झालं, त्यानंतर तिनं शिवलेला हा पहिला चांगला फ्रॉक. हाच घालून तिचा फोटो हवाय मला. पण ती आता पाखराएवढी झालीय. बसवशील तिच्या अंगावर?"

"बसवते की."

मृदुलाचा हात बसलेला होता. पुण्याला असताना चिंचवडच्या एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात तिनं आठ वर्षं कपड्यांचे बेत, म्हणजे कापायचे नमुने, काढले होते. नवऱ्याला, रमणला, न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सॉफ्टवेअरची नोकरी लागली, तेव्हा तीन वर्षांच्या लेकीला, सिद्धीला, काखोटीला मारून ती इकडे आली आणि गराजमध्ये मशीन मांडून बसली. ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटी आखूड करणं. मग यंदा जानेवारीत रमणच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्याचीही नोकरी गेली. मृदुलानं पेनरोजच्या एका कारखान्यात कटिंगचं काम धरलं. तिथे कामगारांचे कपडे बनत, अंगभर एकसलग बॉयलर सूट आणि भडक केशरी जॅकेटं. दहा महिने ती पहाटे ट्रेन पकडत राहिली आणि रमण घरी डबे भरत राहिला. गेल्या महिन्यात त्याला पुन्हा नोकरी लागली, तेव्हापासून ती सिद्धीला शाळेत सोडून नऊच्या पाळीला जाऊ लागली.

पहिल्याच आठवड्यात तो देशी दुकानं असलेल्या सँडरिंगहॅमला जाऊन तिच्यासाठी मिठाईचा डबा आणि एक अनारकली ड्रेस घेऊन आला. सोनेरी काठाचा, जमिनीवर लोळणारा. "खूप केलंस तू," तो म्हणाला. "आता ते केशरी जॅकेट आणि लोखंडी टोकाचे बूट फेकून दे. गरज नाही आता. सोडून दे पेनरोज."

मृदुलानं हसून ड्रेस अंगाला लावून बघितला. एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही. त्याच आठवड्यात कारखान्याची मॅनेजर मारेटा हिनं 'कटिंग विभागाची प्रमुख होतेस का' असं विचारलं होतं, आणि मृदुला हो म्हणून सही करून मोकळी झाली होती. पार्टीच्या रविवारनंतरच्या सोमवारपासून तिला सकाळी सहाला हजर व्हायचं होतं. आज सांगते, उद्या सांगते करता करता तीन आठवडे गेले होते. रोज जेवताना विषय तिच्या ओठांवर यायचा आणि आमटीबरोबर परत आत जायचा.

शनिवारी ती मापं घ्यायला होममध्ये गेली. बेरिल आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. केस कापसासारखे, डोळे मात्र लख्ख. कॅरलनं नि मृदुलानं मिळून त्यांना उभं केलं आणि फ्रॉक वरून घातला. तो त्यांच्या अंगावर असा दिसला, जसा कुणी रिकाम्या खुर्चीवर टाकलाय. मृदुला टाचण्या लावू लागली. शिवणी सरळ होत्या, काम अवघड नव्हतं. आजी हूं की चूं करत नव्हत्या.

कॅरल चहा आणायला गेली आणि दार लागलं, तशी म्हातारीनं मृदुलाचं मनगट धरलं. पकड अशी घट्ट की मृदुला दचकलीच.

"पटकन ऐक, डिअर. मला हे घालायचं नाहीये. तो वरचा खण उघड."

खणात एक छोटा फोटो होता. धातू कातायच्या लेथ मशीनशेजारी उभी असलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. केस रुमालात बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंगात छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली डंगरी. एक हात खिशात.

"पेनरोज," आजी म्हणाल्या. "तीन वर्षं लेथ चालवलं मी."

"मी पेनरोजलाच कामाला आहे," मृदुलाच्या तोंडून निघून गेलं. "कापडाच्या कटिंगला."

"मग तुला कळेल. पुरुष सगळे लढाईवर होते. आम्हाला म्हणाले, या. आम्ही गेलो. कापड कूपनवर मिळायचं, आणि स्कर्ट मशीनमध्ये अडकला असता, म्हणून आम्हाला डंगऱ्या दिल्या. मला त्यात बघून माझी आई रडली होती. ट्रॅममध्ये लोक वळून वळून बघायचे. दोन महिन्यांनी कुणी बघेनासं झालं." आजी दम घ्यायला थांबल्या. "मग युद्ध संपलं. एका शुक्रवारी फोरमन म्हणाला, मुलींनो, थँक यू, आता पोरं परत येतायत. डंगरी तिथेच जमा करून घरी आले. पुढे दोन-तीन वर्षांत दुकानांत काय आलं? हे." त्यांनी अंगावरच्या घेराला चापट मारली. "कंबर आवळा आणि खाली फुगवा. ह्याच्यात शिडी चढता येत नाही, धावत ट्रॅम पकडता येत नाही. शोभून दिसायचं आणि घर सांभाळायचं. सगळ्याजणी घालत होत्या, मीही हौसेनं शिवला, खोटं कशाला बोलू. एका वर्षात हौस फिटली. घातला मात्र अकरा वर्षं."

"मिस्टरांना आवडायचा?"

"लेनला? फार. लेन चांगला होता गं. तीच तर पंचाईत."

मृदुलाला एकदम दाराच्या हुकाला टांगलेला अनारकली आठवला आणि तिच्या हातातली टाचणी खाली पडली.

"मला डंगरी शिवून दे," आजी घाईघाईनं म्हणाल्या. "फोटोतल्यासारखी. कॅरलला सांगू नको. ती वाद घालेल, आणि वाद घालायला माझ्याकडे आता श्वास नाही."

बाहेर कपबशांचा आवाज आला. मृदुलानं फोटो पर्समध्ये टाकला आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा तिला पुढे आठवडाभर पश्चात्ताप होत राहिला.

एक तर काम कॅरलनं दिलेलं. तिच्या पाठीमागे, तिच्याच आईसाठी, तिला नको असलेला कपडा शिवायचा, ही लबाडी नाही तर काय? पण नाही म्हणावं तर शंभर वर्षांच्या बाईला कुठल्या तोंडानं म्हणायचं? रविवारी ती भिंगातून फोटो बघत बेत काढायला बसली. पुढे चेन किंवा बटणपट्टी कुठे दिसेना. मग लक्षात आलं, बटणं बाजूला होती, डाव्या कमरेवर. पुढून उघडते ती पुरुषांची पँट. बाईनं घातली तर ती बाजूनंच उघडायला हवी. लेथ चालवायला दिलं तरी एवढा नियम कुणीतरी पाळलाच होता.

सोमवारी तिनं मारेटाला विचारून निळ्या ड्रिलच्या जाड कापडाचा उरलेला तागा मागून घेतला. मारेटानं फोटो बघितला, हसली आणि म्हणाली, "घेऊन जा. पण पुढच्या सोमवारचं लक्षात आहे ना? घरी सांगितलंस?"

"हो हो," मृदुला म्हणाली. हे आणखी एक खोटं.

मंगळवारी कॅरलचा मेसेज आला, 'फ्रॉक कसा चाललाय?' पुढे लाल बदाम. मृदुलानं 'छान' असं लिहिलं आणि फोन उलटा ठेवला. बुधवारी संध्याकाळी ती डंगरीच्या पट्ट्यांवर टीप मारत होती, तेवढ्यात सिद्धी आत डोकावली.

"हूज दॅट फॉर, आई?"

"एका आजींसाठी."

"सो कूल! कॅन आय हॅव वन?"

तिच्यामागोमाग रमण स्क्रूड्रायव्हर शोधत आला आणि मृदुलानं चोरी पकडल्यासारखी फ्रॉकची जाळी ओढून डंगरीवर टाकली. का, ते तिलाही कळलं नाही. रमणला निळ्या ड्रिलची कड दिसलीच. "कारखान्याचं काम घरी कशाला आणतेस?" तो म्हणाला. "सोडायचंच आहे ना आता." तिनं मशीन चालू केलं, तर दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुटीत फोन वाजला. पडद्यावर कॅरलचं नाव होतं. डंगरीचं तिला कळलं असणार.

पण कॅरलचा आवाज बसलेला होता. "आईच्या छातीत कफ झालाय. ताप आहे. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस बघू या. ह्या वयात काही सांगता येत नाही. फ्रॉक तेवढा तयार ठेव हं. पार्टी झाली नाही, तरी… तरी तो लागेलच मला."

फोन ठेवल्यावर त्या 'लागेलच'चा अर्थ मृदुलाला उमगला. आजी गेल्या तर कॅरल त्यांना त्याच फ्रॉकमध्ये निरोप देणार होती. प्रेमानं, रडत, जाळी नीट फुलवून. आणि त्यांना तो नको होता हे अख्ख्या जगात फक्त मृदुलाला माहीत होतं. तेव्हा सांगून उपयोग नव्हता, आणि न सांगता राहणं तर त्याहून वाईट.

दुपारभर तिनं कापड कापलं खरं, पण एक थर चुकीचा कापला गेला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. मारेटा नुसती बघून गेली. ते जास्त लागलं. ही म्हणे सोमवारपासून प्रमुख होणार!

शुक्रवारी ताप उतरला. शनिवारी सकाळी कॅरलचा मेसेज आला, 'आई खुर्चीत बसली. पार्टी होणार. दुपारी फ्रॉक न्यायला येते.' मृदुलानं तो तीनदा वाचला. गराजमध्ये दोन हँगर शेजारी शेजारी होते, एकावर आवळून शिवलेला फ्रॉक, दुसऱ्यावर डंगरी. पार्टीच्या दिवशी गुपचूप खोलीत शिरून म्हातारीला डंगरी घालायची, असं तिनं योजलं होतं. आता ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तिचीच तिला लाज वाटली. तिनं फोन लावला आणि श्वास न घेता सगळं सांगून टाकलं. फोटो, लेथ, बाजूची बटणं, 'मला हे घालायचं नाही' हे वाक्यसुद्धा.



"ती हे तुला म्हणाली," कॅरल म्हणाली. "मला नाही. पंचाहत्तर वर्षं मी तिची मुलगी आहे, आणि तू तिला एकदा भेटलीस."

"सॉरी, कॅरल. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतंस." आणि फोन बंद झाला.

मृदुला वळली तर दारात रमण उभा. हातात तिच्यासाठी कॉफीचा कप.

"काय झालं? काय लपवलंस तू त्यांच्यापासून?"

तिनं डोळे पुसत डंगरीची सगळी गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा सैल झाला. "एवढंच ना? त्यात काय रडायचं?"

"एवढंच नाही," मृदुला म्हणाली.  "अजून एक आहे. सोमवारपासून मी कटिंगची प्रमुख आहे. सकाळी सहाला तिथे असायचंय. चार आठवड्यांपूर्वी सही केली मी."

रमणनं कप मशीनच्या पाटावर ठेवला. "म्हणजे मी ड्रेस आणला तेव्हा…"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो," तो म्हणाला. "आपण भांडलो असतो. पण मला माहीत तरी असतं ना, मृदुला! मी इकडे सगळ्यांना सांगत सुटलोय, बायको आता आराम करणार म्हणून." तो स्टुलावर बसला. "आणि सकाळी सिद्धीचं कोण बघणार?"

"दहा महिने तूच बघत होतास. छान बघत होतास."

"तेव्हा मी घरी बसलो होतो!" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "ते दहा महिने मला विसरायचेत. तू ते जॅकेट घालून निघालीस की मला रोज तेच आठवतं. नोकरी गेलेला माणूस, मुलीचा डबा भरतोय. तुला नाही कळायचं."

मृदुलाला खरंच कळलं नव्हतं. तिला वाटत होतं, त्याला ती घरात हवी आहे. त्याला ते जॅकेट नको होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं दुःख कमी व्हावं म्हणून मी घरी बसले, तर ते कमी होईल का रे?"

त्यानं तिचा हात तसाच राहू दिला.

दुपारी कॅरल आली. डोळे सुजलेले. "दोन्ही दे," एवढंच म्हणाली आणि दोन्ही कपडे हातावर टाकून, तो जुना फोटो घेऊन निघून गेली.

रविवारी रमणनंच गाडी काढली.  सिद्धी मागे कानात इअरफोन घालून बसली होती. होमच्या हॉलमध्ये फुगे होते, केक होता, वीस-पंचवीस माणसं होती. मृदुला भिंतीला टेकून उभी राहिली. कॅरलनं सगळ्यांदेखत काही सुनावलं तर काय करायचं, मुलीसमोर कसं उभं राहायचं, हाच विचार तिच्या डोक्यात चालू होता.

दार उघडलं. कॅरल चाकांची खुर्ची ढकलत आत आली. आजी गळ्यापर्यंत शालीत गुंडाळलेल्या. टाळ्या वाजल्या. कॅरलनं वाकून शाल बाजूला केली. आत निळी डंगरी होती. केसांना रुमाल बांधलेला, पुढे गाठ मारून, फोटोतल्यासारखा. कुणीतरी शीळ घातली आणि हॉल हसला. आजींनी चाचपडत खिसा शोधला, हात आत घातला आणि तसाच ठेवला.

गर्दी केककडे वळल्यावर कॅरल मृदुलाजवळ आली. तिच्या हातावर तो फ्रॉक होता, घडी करून. "त्या बाजूच्या बटणांनी जीव घेतला माझा," ती म्हणाली. तिचा राग गेलेला नव्हता, पण ती बोलत होती. "तुला माहितेय, मी चार-पाच वर्षांची असताना घरी पाहुणे आले की ह्याच्या घेरात शिरून बसायचे. आत निळा अंधार असायचा. साबणाचा वास. मला वाटायचं, जगात ह्याहून सुरक्षित जागा नाही. आणि ती ह्याच्यात गुदमरत होती, हे मला तिच्या शंभराव्या वर्षी कळावं?"

आजींना ऐकू गेलं असावं. त्यांनी मान वळवली. "तू आत असायचीस तेव्हा बरा वाटायचा तो," त्या म्हणाल्या. "कॅरल, तो तू ठेव. मी फक्त घालणार नाही."

कॅरल खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिनं आईच्या डंगरीतल्या मांडीवर डोकं टेकलं. कुणीतरी तोच फोटो काढला. वीस मिनिटांत आजी थकल्या आणि केक न खाताच झोपी गेल्या.

परतताना रमण म्हणाला, "डंगरी आजींनीच मागितली असेल का गं? की कॅरलनंच आपणहून पुढे केली?"  दुसऱ्या दिवसाबद्दल त्यानं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

सोमवारी ती निघाली तेव्हा तो झोपलेला होता, किंवा तसं दाखवत होता. सहा वाजता तिनं कटिंगचं टेबल ताब्यात घेतलं. सात जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिनं कामं वाटली, पहिला थर स्वतः तपासला, दुसरा तपासला. लक्ष मात्र घड्याळाकडे. सव्वासात. सिद्धी उठली असेल? साडेसात. तो निघून तर गेला नसेल? पावणेआठ.

पावणेआठ वाजून गेल्यावर फोन वाजला. ती मशीनच्या आवाजातून बाहेर पळाली.

"सिद्धीचे पोहायचे टॉग्ज कुठे आहेत?" रमण ओरडत होता. "आज स्विमिंग आहे म्हणते. मला आत्ता सांगतेय!"

"वॉशिंग मशीनवरच्या कपाटात. हिरव्या पिशवीत."

"नाहीयेत."

"नीट बघ. मागे."

दरवाजे आपटल्याचा आवाज आला, सिद्धीचं "बाबा, वी आर सो लेट!" ऐकू आलं. मृदुला फोन कानाला दाबून उभी राहिली. 

"सापडले," तो धापा टाकत म्हणाला. मग जरा थांबून, "रात्री बोलू आपण," आणि फोन बंद झाला.

बोलू म्हणजे काय, ह्याचा विचार करायला तिला वेळ मिळाला नाही. आतून कुणीतरी तिच्या नावानं हाक मारत होतं. तिनं जॅकेटची चेन वर ओढली आणि ती आत गेली.